भरमूचा एकच शब्द

वडगावच्या बाजारात मंगल नारळाच्या गाडीपाशी थांबली की गाडीवाला आपण होऊन चार नारळ पुढं सरकवायचा. "घ्या आक्का, वाजवा. तुमचं वाजवून झाल्याबिगर माझी भवानी काय व्हायची न्हाय."

मंगल खरोखरच वाजवायची. कानाशी धरून हलवायची, शेंडी ओढून बघायची, आणि घरी फोडलेला नारळ गोड निघाला तरी म्हणायची, "ह्या खेपेला निघाला." दुधाच्या पिशवीवरची तारीख, गिरणीतून आलेल्या पिठाचा डबा, पक्का म्हणून दिलेला ब्लाउजपीसचा रंग, पाहुण्यानं केलेली स्तुती, यातलं काहीही ती एकदा उलटं करून बघितल्याशिवाय घरात घेत नसे. तिचा नवरा भरमू चारचौघांत हसून सांगायचा, "आमच्या हिला देवानं सोत्ताच्या हातानं प्रसाद दिला तरी ही आधी वास घील."

स्वभाव माहेरचाच. जांबोटीकडच्या रानात वाढलेली मुलगी ती. तिकडे बस येणार म्हणजे येईलच असं नाही, आणि ओढ्याला पाणी गुडघाभरच आहे असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी आधी काठी घालून बघायची, मग पाय. काठी न घालता उतरलेल्यांच्या गोष्टी तिनं चुलीपुढं बसून ऐकल्या होत्या. वडगावात नांदायला आली तेव्हा गल्लीतल्या घराघरांतून चालणारे माग ऐकून तिला पहिला आठवडा झोप आली नव्हती. पुढं असं झालं की माग थांबले, तरच तिला जाग यायची. 'वीज गेली वाटतं' म्हणून ती उठून बसायची आणि तेही खरं मानायच्या आधी दिवा लावून बघायची.

खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन होतं. साड्यांना पिको-फॉल करायची. भरमू शेतकऱ्याच्या घरातला, पण त्याचा जीव मातीपेक्षा यंत्रात. मागांचा जॉबर झाला. कुणाचा माग अडला, धोटा उडाला, पट्टा घसरला की त्याला बोलावणं यायचं. गल्लीतले मागवाले बहुतेक कानडी बोलणारे. त्यामुळं दिवसभर भरमूची जीभ कानडी आणि संध्याकाळी मराठी. "चपला आणि कानडी, दोन्ही उंबऱ्याभाईर काढून येतो बघ," असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. मंगलशी तो कधी कानडीत बोलला नाही. तिची कानडी भाजीबाजारापुरती, आणि तिच्या बोलण्याला तो इतका हसायचा की तिनं घरात तो नाद सोडूनच दिला होता.

गेल्या हिवाळ्यात चिकोडीकडच्या एका मागवाल्याचं काम आटपून भरमू स्कूटरवरून परत येत होता. कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पण ते स्कूटरच्या हुकाला. हेल्मेटला साधा ओरखडासुद्धा आला नाही. भरमूचं डोकं मात्र रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं.

त्यानंतरचे आठवडे मंगलला आठवतात ते एकाच शब्दानं. बेड. बेड मिळेल का, बेड रिकामा आहे का, बेड बदलला का, बेडपाशी कोण थांबणार, बेडवरून उठू देऊ नका. जीव वाचला. मेंदूला मार होता, उजवा हात आणि पाय जड पडले होते, आणि बोलणं पार गेलं होतं. डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर टेकायचे नाहीत.

घरी आणलं त्या दुपारी भरमूचा धाकटा भाऊ विक्रम आणि मंगल यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. विक्रम निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होता. अपघात झाल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी यायचा. पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकवल्यावर मंगलनं वाकून विचारलं, "अहो, आडवं व्हताय काय?"

भरमूचे ओठ हलले. जीभ जड, आवाज घोगरा, ओल्या पोत्यातून यावा तसा. "बे...ड."

मंगल मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "भावजी, बोलले! बेड म्हणाले! ऐकलासा न्हवं?"

विक्रमनंही ऐकलं होतं. दोघांनी त्याला मागच्या खोलीत नेऊन अगदी अलगद आडवं केलं. आयुष्यात आलेल्या प्रत्येक गोष्टीवर काठी टेकवून बघणाऱ्या बाईनं तो एक शब्द तसाच, न वाजवता, ओटीत घेतला.

मग त्या घराची एक रीत पडून गेली. मागची खोली गार आणि शांत, म्हणून तिथंच खाट. खिडकीला जाड चादर. शिलाई मशीन पुढच्या खोलीत. कुणी आलं तरी कुजबुजत बोलायचं. लेक चिकोडीला नातेवाइकांकडे राहून शिकत होती, ती शनिवारी आली की तिलाही दारातूनच खूण. खिचडी मऊसूत करून भरवायची. भरमू मधेच तोंड फिरवून म्हणायचा, "बेड," की मंगल ताट बाजूला ठेवून त्याला निजवायची. पंखा लावला, "बेड." चादर ओढली, "बेड." कधी कधी तो डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर थापा मारायचा, डोळे लाल करायचा. मेंदूच्या दुखण्यात राग येतो असं दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून ती गप्प त्याच्या कपाळावर हात ठेवून बसायची. असे महिने गेले. डोळे आता माणसावर टेकायचे. पण शब्द म्हणून तो एकच.

विक्रम एके दिवशी आला तो उभ्या उभ्याच मोबाइल पुढं धरून. निपाणीत एका मंगल कार्यालयात शिबिर झालं होतं. नवांकुर नावाचं कुठलं तरी केंद्र. मेंदूला मार लागलेल्यांना ते मूळपेशींचे उपचार देतात म्हणे. माणसाच्याच कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या मणक्यातून सुईनं परत सोडायच्या. त्या मेंदूत जाऊन मेलेल्या जागी नव्या रुजतात.

"हे बघ वहिनी. हा माणूस आधी बघ. आणि हा सहा महिन्यांनी."

आधीच्या चित्रफितीत एक माणूस चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसलेला. मागं बायको, तिचा हात त्याच्या खांद्यावर. नंतरच्या चित्रफितीत तोच माणूस चालतोय, बायकोनं त्याचा दंड धरलाय. गाणं लागलेलं.

"परत लावा," मंगल म्हणाली.

"चालतोय बघ कसा!"

"चालतोय. परत लावा."

तिसऱ्यांदा तिनं माणसाकडं बघितलंच नाही. बायकोच्या हातावर मेंदी होती. दोन्ही चित्रफितींत. तर्जनीवरून खाली येणारी वेल मधेच तुटलेली, तीही दोन्हीकडं. नखांपाशी रंग उतरत आलेला, तोही तितकाच. मेंदी पंधरवड्यात जाते. सहा महिने तीच वेल, तीच तुटलेली?

ती विक्रमला काही बोलली नाही. आधी स्वतःशीच भांडली. घरात दोनदा कार्य झालं असेल. मेंदी काढणारी तीच असेल. पण एकच बाई दोन्ही वेळा वेल त्याच जागी तोडेल? आणि आपण ही वेल बघत बसलोय ती खरंच फसवणूक वाटते म्हणून, की आशा धरायची भीती वाटते म्हणून? हे मात्र तिला ठरवता येईना.

रविवारी केंद्राचा माणूस घरीच आला. केयूर. कोऑर्डिनेटर म्हणाला स्वतःला. पुण्याकडची स्वच्छ मराठी, इस्त्रीचा शर्ट, आणि आल्या आल्या मंगलला वाकून नमस्कार. तो नमस्कारच तिला पहिल्यांदा खटकला. इतका वाकायचा हक्क जावयाला, नाहीतर मतं मागणाऱ्याला.

"ताई, तुमच्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "तुमच्याकडं ऊस लावतात ना? कांडी पुरली की डोळ्यातून फुटवा येतो. तसंच हे. आपण कांडी लावायची. बाकी निसर्ग."

"कानडी पत्रकात तर कांडकोशच लिवलंय," विक्रम उत्साहानं म्हणाला. "पेशीला त्ये कोश म्हणत्यात."

"बघा," मंगल म्हणाली. "कांड तर नावातच हाय."

विक्रमला हसू आलं, ते त्यानं गिळलं. केयूरला ते कळायला जरा वेळ लागला, मग तोही हसला, पण बेताचं. मंगलनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "त्या चित्रफितीतल्या बाईच्या हातावर दोन्ही वेळेला एकच मेंदी कशी हो?"

"ताई, तुम्ही पेशंट बघा. मेंदी काय बघताय?"

"पेशंट तुम्ही दाखवताय. मेंदी तुम्ही दाखवत न्हाय, म्हणून बघत्ये."

तो मागच्या खोलीत जाऊन भरमूला भेटला. मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसा बोलला. "काय दादा! बरं व्हायचं ना? एक छोटीशी सुई!"

भरमू त्याच्याकडं बघून म्हणाला, "बेड."

"थकले वाटतं," केयूर म्हणाला. येत्या गुरुवारी गाडी पाठवतो, तोपर्यंत घरच्यांनी पैशांची सोय करावी, मन घट्ट करावं, उशीर केला तर मेंदूतली जागा कायमची मरते, असं सांगून तो गेला. त्याचा एक शब्द मात्र घरातच राहिला. कायमची.

त्या रात्री जेवताना मंगलनं दिराला सरळ विचारलं, "भावजी, खरं सांगा. ह्यात तुमाला काय मिळतंय?"

विक्रमचा घास हातात थांबला. "मला? मला अण्णाची शिवी मिळंल, वहिनी. दारात पाऊल टाकलं की पैली शिवी, मग चा. आता येतो, तर मला बघून बेड म्हणतो आन् झोपतो. तोंड बघायला नको झालंय माझं त्याला."

मंगलला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मेंदी पुसली जात नाही. आणि उलट बाजूही तिला दिसत होती. आपण नाही म्हटलं, आणि उद्या भरमू असाच राहिला, तर सगळा गाव म्हणणार की मंगलच्या संशयानं नवऱ्याचं वाटोळं झालं. गाव राहू दे. रोज सकाळी भरमूचं तोंड पुसताना ती स्वतःच म्हणणार.

मंगळवारी ती शाल्मली मॅडमकडं गेली. दवाखान्यातून सुटल्यावर व्यायामासाठी या म्हणून जिनं चारदा सांगितलं होतं आणि मंगल दोनदाच गेली होती, ती ही तरुण फिजिओथेरपिस्ट. मंगलनं पत्रक पुढं ठेवलं. शाल्मलीनं ते वाचलं आणि उलटं करून ठेवलं, तेव्हा मंगलला ती पहिल्यांदा जरा आवडली.

"हे सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही," शाल्मली म्हणाली. "मूळपेशींवर अभ्यास चालू आहेत. प्राण्यांवर झालेत, माणसांवरही चाचण्या सुरू आहेत. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाला पेशी देऊन बरं करतो, असं आज कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चाचणी असेल तर ते तसं सांगतील, धोके सांगतील आणि पैसे मागणार नाहीत. हे लोक मागतायत ना?"

"व्हय."

"मग ती चाचणी नाही, धंदा आहे. सुई मणक्यात जाते, ताई. जंतू गेला तर?"

मग तिनं उंदरांची गोष्ट सांगितली. डोक्याला इजा झालेले उंदीर. काहींना नुसत्या पेशी दिल्या. काहींना ठेवलं मोठ्या पिंजऱ्यात; त्यात शिड्या, बोळ, फिरती चाकं, रोज बदलणाऱ्या वस्तू आणि सोबतीला दुसरे उंदीर. ज्यांना असं जग मिळालं ते साध्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा चांगले सावरले, आणि काही अभ्यासांत दोन्ही मिळालेले त्याहून बरे.

"बरा झाला हे कळतं कसं?" मंगलनं विचारलं. "उंदीर सांगतोय व्हय?"

शाल्मली खळखळून हसली. "पाण्यातून वाट शोधायला लावतात. दांडीवरून चालवतात. ताई, माणूस काही उंदीर नाही, त्यामुळं ह्याचीही मी हमी देत नाही. पण ह्याला सुई लागत नाही. त्यांना खोलीतून बाहेर काढा. आवाज ऐकू द्या, वस्तू हातात द्या, माणसं भेटू द्या, त्यांच्या ओळखीची. रोज थोडं. दमले की थांबा."

परतीच्या बसमध्ये मंगलला शाल्मलीचाही संशय आला. एकजण कमरेचं हाड पोखरून बरं करतो म्हणतो, दुसरी म्हणते माणसं भेटू द्या. माणसं भेटून मेंदू बरा होत असता तर लग्नाच्या मांडवात एकही खुळा दिसला नसता. आणि जे फुकट मिळतं त्यात दम तो किती? शिवाय हिनं आपल्या नवऱ्याला सरळ सरळ उंदरांच्या रांगेत बसवलं, ते वेगळंच.

तरी घरी आल्यावर तिनं खिडकीवरची चादर अर्धी वर केली. काठी घालून बघायला काय जातं.

चादर वर झाली तसा शेजारच्या यशोदाबाईंच्या मागांचा आवाज खोलीत शिरला. भरमूनं मान वळवली. मंगलनं ते बघितलं, पण मनात नोंद करताना पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. आवाजाला मान कुणीही वळवतं.

बुधवारी दुपारी चादर वर दिसली म्हणून यशोदाबाई आत आल्या. साठीच्या, कानडी घरातल्या, मराठी बोलायच्या पण मधेमधे कानडी टाके घालून. इतके दिवस मंगलनंच त्यांना दारातून परत पाठवलं होतं, बोलणं मोठं म्हणून. आज ती स्वयंपाकघरात खिचडी घोटत होती, त्यामुळं अडवायला कुणी नव्हतं. यशोदाबाईंनी चहाचा लोटा आणला होता.

"तम्मा," त्या भरमूला म्हणाल्या. लहान भावाला म्हणतात तसं. "चा बेकेन? पायजे काय?"

"बेड," भरमू म्हणाला.

मंगल आतून ओरडली, "आक्का, त्यांना झोपवा हो जरा! हात खरकटा हाय माझा, आल्येच मी."

"झोप?" यशोदाबाई दारात आल्या. हातात भरलेला पेला तसाच. "झोप कशाला गं? त्याला चा नको म्हणतोय तो."

"बेड म्हणत्यात, आक्का. खाट. झोपायचं असलं की म्हणत्यात."

यशोदाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की जणू मंगललाच डोक्याला मार लागलाय. "अयss! बेड न्हाय गं खुळे. ब्याड! ब्याड म्हणतोय. आमच्या मागावर दिवसभर हेच वरडायचा न्हवं का. कुणी पट्ट्याला हात लावला, ब्याड! चालू मागात धागा ओढला, ब्याड!"

मंगलच्या हातातला डाव तसाच राहिला.

ब्याड. नको. हा शब्द तिला येत नव्हता असं थोडंच. रोज भाजीवाली जुडी पुढं करते तेव्हा ती हेच म्हणते. पण तो शब्द बाजाराचा. त्यानं तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा होता. घरात, तिच्याशी, त्यानं कधी... आणि तिचे कान तर दवाखान्यातल्या त्या एका शब्दानं गच्च भरलेले.

ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मागचे महिने उलटे चालत तिच्याकडं यायला लागले. आडवं व्हताय काय? नको. घोटलेली खिचडी. नको. खिडकीवर चादर. नको. खाटेवर मारलेल्या थापा. नको, नको, नको. आणि तिनं प्रत्येक वेळी त्याला उचलून त्याच अंधारात आडवं केलं होतं.

"रडू नको गं," यशोदाबाई म्हणाल्या.

"रडत न्हाय," मंगल म्हणाली, आणि नाक पुसलं. "आक्का, पर खरंच तसं असंल कशावरनं? एकच शब्द येतोय त्यांना. चा विचारला तरी तेच, आन् घर जळालं तरी तेच म्हणतील."

"मग इचार की दुसरं कायतरी."

मंगल खाटेपाशी गेली. भरमू तिच्याकडं बघत होता. तिनं खिचडीचं ताट पुढं धरलं. "बेकेन?"

"ब्याड." आता ऐकलं तर शब्द लख्ख होता. मधला तो 'य' एवढे दिवस कुठं होता?

तिनं चादरीचं टोक खाली ओढलं. "बेकेन?"

"ब्याड!" डावा हात खाटेवर.

तिनं चादर सोडली, पार काढूनच टाकली. खोलीत दुपारचं ऊन आलं. तिनं पुढचा प्रश्नही सोडला नाही. नारळ दोन्ही बाजूंनी वाजवायचा असतो. तिनं खिडकीतून पलीकडं बोट केलं, जिथून मागांचा आवाज येत होता. "माग बेकेन?"

भरमू थांबला. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. यशोदाबाई काही तरी बोलायला गेल्या, मंगलनं हातानं त्यांना गप्प केलं. भरमूच्या कपाळावर घाम आला.

"बे..." तो म्हणाला. आणि मग, जिन्याची शेवटची पायरी चढावी तसा, "...क."

"ऐकलंस? पायजे म्हणतोय," यशोदाबाई म्हणाल्या.

"ऐकलं," मंगल म्हणाली. "उद्या परत इचारते."

गुरुवारी सकाळी गाडी आली. विक्रम रजा काढून आला होता. मंगलनं आदल्या दिवशी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. "वहिनी, तुला नकोच हाय, म्हणून तुला तसं ऐकू येतंय," असं तो म्हणाला, आणि मंगलला राग आला नाही. तिनं स्वतःही रात्रभर हाच विचार केला होता.

भरमूला आज पुढच्या खोलीत, खुर्चीत बसवलं होतं. केयूर हसत आत आला. "काय दादा, तयार?"

"थांबा," मंगल म्हणाली. "आधी त्यांना इचारू द्या."

"ताई, ह्या अवस्थेत पेशंटला काय विचारणार? निर्णय घरच्यांनी घ्यायचा असतो."

मंगल नवऱ्यापुढं जमिनीवर बसली. विक्रम मागं उभा. तिनं कमरेवर हात ठेवला, मग पाठीच्या मणक्यावर बोट टेकवून दाखवलं, आणि आपल्या मोडक्यातोडक्या बाजारी कानडीत म्हणाली, "सूजी. इल्ली." सुई. इथं. "बेकेन?"

तिची कानडी ऐकून भरमूच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. किंवा मंगलला तसं वाटलं. मग त्यानं केयूरकडं बघितलं, आणि सावकाश, जिभेला ओढत आणून म्हणाला, "ब्याड."

"हो हो दादा!" केयूर लगेच पुढं झाला. "बेडची काही काळजी नाही. बेड तयार आहे तुमचा. खिडकीजवळचा ठेवलाय."

विक्रमच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. तो हसतोय की रडतोय हे त्याचं त्यालाही कळत नसावं. भिंतीला टेकत तो खाली बसला. "व्हय रं," तो भावाला म्हणाला, "आमी बी असंच केलं की तुझ्यासंगं."

केयूर गोंधळून एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. मंगल उठली. "तुमचा काय दोष न्हाय त्यात," ती म्हणाली. "आमालाच कळायला एवढे दिवस लागले. त्यांना बेड नको हाय. तेच सांगत्यात."

"ताई, जागा कायमची मरते. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

तो शब्द परत तिच्या काळजाला लागला, लागायचा तसाच. ती दारापर्यंत त्याच्याबरोबर गेली. "एक सांगा," ती म्हणाली. "ती मेंदीवाली बाई. खरंच तिचा नवरा चालतो?"

केयूर गाडीचं दार उघडून उभा राहिला. "मी नवीन आहे, ताई. मला चित्रफितीच दिल्यात," तो म्हणाला, आणि ह्या घरात त्याचं हे एकच वाक्य मंगलनं न वाजवता घेतलं.

त्यानंतर भरमूची दुपार यशोदाबाईंच्या मागाच्या खोलीत जायला लागली. शाल्मली मॅडम येऊन बघून गेली आणि आवाज फार होतो म्हणून एकच माग चालू ठेवायला सांगून गेली. भरमूच्या मांडीवर यशोदाबाई सुताच्या रिकाम्या कांड्यांची टोपली ठेवायच्या. डाव्या हातानं तो एकेक काढून बाजूला लावायचा. कधी सगळ्या सरळ लागायच्या, कधी टोपलीच सांडायची. "केयूरसाहेब म्हणाला व्हताच, कांडी लावायची," मंगलकडून सगळं ऐकलेल्या यशोदाबाई म्हणायच्या, आणि मंगलला हसू यायचं. उजवा हात होता तसाच होता. काही दिवस तो नुसता झोपून काढायचा आणि मंगलला वाटायचं, आपण चुकलो. पण आता झोपायच्या आधी ती विचारायची, आणि तो 'बेक' म्हणाला तरच दिवा बंद करायची.

एका रविवारी विक्रमही तिथं आला. भावाशेजारी बसून कंटाळला, तसा उठला आणि चालू मागाकडं बघत त्यानं सहज पट्ट्याकडं बोट नेलं.

"ब्याड ले!"

मागाच्या खडखडाटावरून तो आवाज गेला. विक्रमनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि वळला. त्याचा चेहरा दिवाळीसारखा झाला होता.

"वहिनी! ऐकलंस? 'ले' म्हणाला मला! लेका म्हणाला! शिवी दिली!"

यशोदाबाईंनी माग थांबवला. एकाएकी शांत झालेल्या खोलीत भरमू धापा टाकत बसला होता, डोळे भावावर रोखून. मंगल त्याच्या तोंडाकडं निरखून बघत होती. 'ले'च होतं का ते? की ब्याडच्या मागं नुसता श्वास सुटला? एकदा न वाजवता घेऊन झालं होतं, आता परत नाही.

"सुरू करा हो आक्का माग," ती म्हणाली. "आन् भावजी, परत एकदा हात न्या बघू तिकडं."